रंग उतरला, मीठ राहिलं
(तृतीय वर्ष, केमिकल)

विहिरीला रंग आला की पेपरात फोटो येतो. बादलीत गुलाबी पाणी, मागे पदर खोचून उभ्या असलेल्या दोन-तीन बायका, आणि वर ठळक मथळा. मग अधिकारी येतात, बाटलीत नमुना भरतात, पंचनामा होतो. पुढे पाऊस पडतो, रंग फिका होतो आणि त्याबरोबर प्रकरणही फिकं होतं. खरं सांगायचं तर त्या विहिरीतला रंग हा सगळ्यात प्रामाणिक भाग. तो निदान दिसतो तरी! त्याच्यासोबत जे आलेलं असतं ते दिसत नाही, त्याला वास नाही, ते उकळून जात नाही, तुरटी फिरवून खाली बसत नाही आणि दोन पावसाळे गेले तरी पुष्कळसं तिथंच असतं. ते म्हणजे मीठ.

हा लेख त्या मिठाबद्दल आहे, आणि थोडासा आपल्या गॅदरिंगच्या टी-शर्टबद्दल.

आपल्याकडे दरवर्षी प्रत्येक ब्रँचचा टी-शर्ट निघतो. काळा किंवा नेव्ही ब्लू, कारण पांढरा हॉस्टेलच्या पाण्यात चार धुण्यांत पिवळा पडतो. तीन कोटेशन्स मागवायची, सगळ्यात स्वस्त असेल ते पास करायचं, छातीवर काहीतरी विनोदी इंग्रजी वाक्य छापायचं, झालं. दुकानदार मात्र छातीठोकपणे सांगतो, "माल तिरुपूरचा आहे साहेब, रंग जाणार नाही." रंग जाणार नाही हे तो खरंच सांगतो. पण तो न जाणारा रंग कापडावर बसवायला काय लागतं हे त्याला कुणी विचारत नाही, आणि आपण तर केमिकलवाले असूनही विचारत नाही.

तर तिरुपूर. तामिळनाडूतलं, नोय्यल नदीच्या काठचं गाव. नोय्यल ही कावेरीची उपनदी. बनियनपासून परदेशी ब्रँडच्या टी-शर्टपर्यंत देशातली होजियरी म्हटलं की हेच नाव पुढे येतं. १९८० नंतर इथली निर्यात झपाट्याने वाढली आणि ब्लीचिंग-डाइंगची युनिट्स सातशेच्या वर गेली. रोजचं सांडपाणी काही कोटी लिटर. ते जायचं कुठे? नाल्यात, नाल्यातून नोय्यलमध्ये. उन्हाळ्यात नोय्यलला स्वतःचं पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे वाहायचं ते बहुतेक सांडपाणीच.

आता जरा केमिस्ट्री. टेक्स्टाइलच्या मित्रांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. सुती कापडाला चालतो तो रिअ‍ॅक्टिव्ह डाय. १९५६ साली हे रंग बाजारात आले. पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने पहिला कृत्रिम रंग शोधला तो १८५६ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. (अठरा वर्षं! आपण त्या वयात एम-वनची के.टी. काढत असतो. असो.) रिअ‍ॅक्टिव्ह रंग सेल्युलोजशी रासायनिक बंध करतो, म्हणून धुतल्यावर जात नाही. पण अडचण अशी की पाण्यात सुताच्या धाग्यावर ऋण भार येतो आणि रंगाचा रेणूही ऋणच. दोघंही एकमेकांपासून लांब पळणार. त्यांना जवळ आणायला मध्ये मीठ टाकावं लागतं, साधं मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट. थोडंथोडकं नाही, लिटरला चाळीसपासून शंभर ग्रॅमपर्यंत. जितकी गडद शेड तितकं जास्त. मग सोडा अ‍ॅश टाकून पाणी अल्कधर्मी करायचं म्हणजे रंग पक्का बसतो. यातला सगळा रंग बसत नाहीच. काही भाग पाण्याशीच रिअ‍ॅक्ट होऊन वाया जातो, तो दहा टक्क्यांपासून थेट तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. आणि मीठ? मीठ कापडावर अजिबात बसत नाही. जितकं आत टाकलं तितकं सगळं, शेवटच्या ग्रॅमपर्यंत, बाहेर.

हिशेब करू. एक किलो कापडाला आठ लिटरचं बाथ धरा आणि साठ ग्रॅम मीठ. चारशे ऐंशी ग्रॅम झाले, म्हणजे कापडाच्या निम्मं मीठ! एका टी-शर्टचं वजन दोनशे ग्रॅम धरलं तर एका टी-शर्टमागे शंभर ग्रॅमच्या आसपास. चारशे टी-शर्ट मागवले तर साधारण अडतीस किलो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००) विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर नाइलाजाने २००० पर्यंत. अडतीस किलो मीठ म्हणजे एकोणीस हजार लिटर शुद्ध पाणी त्या नाइलाजाच्या रेषेपर्यंत नेऊन ठेवायला पुरेसं. दोन टँकर. एका कॉलेजच्या एका वर्षाच्या टी-शर्टमध्ये. आणि काळा असेल तर जास्तच धरा.

कुणी म्हणेल, त्यासाठीच तर ट्रीटमेंट प्लँट असतात. बरोबर, असतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिरुपूरला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. चुना, फेरस सल्फेट, गाळ खाली, वरचं पाणी बाहेर. रंग बराचसा उतरायचा, सीओडी-बीओडी खाली यायचे. पाहुण्यांना काचेच्या ग्लासात दाखवण्यासारखं पाणी व्हायचं. फक्त त्यातलं मीठ जसंच्या तसं होतं, उलट चुन्या-फेरसमुळे क्षारांत थोडी भरच. कारण मीठ काढणारी एकही पायरी त्या प्लँटमध्ये नव्हती. फर्स्ट इयरला मटेरिअल बॅलन्स शिकवतात: आत आलेलं बाहेर जातं, नाहीतर आत साठतं. सेकंड इयरचा मुलगा सांगेल की मीठ नदीत जाणार. ते सांगायला कुणाला बोलावलं नव्हतं, किंवा बोलावलं असेल तर ऐकलं नव्हतं.

१९९२ मध्ये तिरुपूरच्या खाली नोय्यलवर ओरत्तुपाळयम नावाचं धरण पूर्ण झालं. सिंचनासाठी. आपल्याकडे धरण झालं की पुढची तीस वर्षं कालव्याला पाणी सोडा म्हणून मोर्चे निघतात. इथे उलटं झालं. धरणात सांडपाणी साठत गेलं आणि खालच्या शेतकऱ्यांनी मागणी केली की कृपा करून हे पाणी आमच्या कालव्यात सोडू नका! जगात धरणं गाळाने भरतात. हे रंगाच्या पाण्याने भरलं. आणि साठलेलं पाणी नुसतं साठून राहत नाही. ते खाली मुरतं. आजूबाजूच्या विहिरींत जे झिरपतं ते हेच.

विहिरीत ते शिरतं कसं हेही समजून घेण्यासारखं आहे, कारण "आमचं युनिट विहिरीपासून अर्धा किलोमीटर लांब आहे" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. तिथला खडक कठीण. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणापेक्षा निराळा, पण वागणूक तीच: वर मुरमाड थर, खाली भेगा. पाणी या थरातून आणि भेगांतून चालतं. विहिरीवर मोटर बसवून उपसा केला की भोवतालची पातळी खाली जाते, विहिरीकडे उतार तयार होतो आणि नाल्यातलं पाणी त्या उताराने विहिरीकडे येऊ लागतं. म्हणजे घरातली माणसं जितकं पाणी काढणार तितका नाला जवळ येणार. शिवाय वाटेत आणखी एक गंमत होते. मातीच्या कणांना कॅल्शियम, मॅग्नेशियम चिकटलेलं असतं. सोडियमने भरलेलं पाणी त्यातून गेलं की सोडियम मातीला धरतो आणि कॅल्शियम पाण्यात सुटतो. आपल्या लॅबमधल्या झिओलाइट सॉफ्टनरचं रिजनरेशन, तेच, फक्त कुणाच्यातरी शेतात. परिणाम दोन. माती घट्ट, चिकट होते, पाणी मुरू देत नाही. आणि विहिरीचं पाणी खारं तर होतंच, वर जडही होतं.

जड पाणी म्हणजे काय हे पुस्तकात "साबणाशी फेस न देणारे" असं दिलंय. घरात त्याचा अर्थ वेगळा. डाळ शिजत नाही. कुकरच्या शिट्ट्या वाढतात, गॅस जास्त जळतो. चहा खारट लागतो. हंड्याच्या तळाशी पांढरा थर. अंघोळीनंतर केस चिकट. जनावर पाण्याला तोंड लावून बाजूला होतं. यातली एकही गोष्ट फोटोत येत नाही. आणि यावर घरगुती उपाय नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जंतू असतील तर पाणी उकळता येतं, गढूळ असेल तर तुरटी आहे, मेडिक्लोर आहे. मिठाला यातलं काहीही चालत नाही. उकळलं तर उलट खारटपणा वाढतो. घरात आरओ बसवला तर तो एक भांडं गोड पाणी देताना दोन-तीन भांडी आणखी खारट पाणी मोरीत सोडतो, आणि मोरीचं पाणी परसात, परसातून विहिरीत. म्हणजे ज्याच्या घरची विहीर गेली त्याला दोनच रस्ते: टँकर नाहीतर लांबून हंडा. हंडा कोण वाहतं हे लिहायची गरज नाही.

आणि रंगाबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. विहिरीचं पाणी पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं म्हणजे रंग गेला असं नाही. अ‍ॅझो रंगांत दोन नायट्रोजनच्या मधला जो दुहेरी बंध असतो तो हवा नसलेल्या जागी, चिखलात, गाळात, जंतू तोडतात. बंध तुटला की रंग नाहीसा होतो आणि उरतात अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स. त्यांना रंग नाही. त्यातल्या काही, बेंझिडीनसारख्या, कर्करोगाशी जोडलेल्या आहेत. म्हणून तर असे अमाइन देणारे अ‍ॅझो रंग जर्मनीने १९९४ च्या कायद्याने बंद केले आणि १९९७ मध्ये भारतातही त्यांच्यावर बंदी आली. घाई कशाची होती ते पाहा. तिकडच्या गिऱ्हाइकाच्या कातडीला लागू नये म्हणून रंग बदलले, आणि ते झालं हे चांगलंच झालं. पण मिठाबद्दल तिकडच्या गिऱ्हाइकाने तक्रार करायचं कारणच नव्हतं, मीठ कापडात नसतंच. ते सगळं इथंच राहतं. सातासमुद्रापार गेलेला टी-शर्ट एकदम शुद्ध, आणि ज्याच्या शेजारी तो रंगला त्याची विहीर खारट.

तिरुपूरच्या कहाणीत एक कडू विनोद आहे. डाइंगला चांगलं, मऊ पाणी लागतं. गावातलं भूजल बिघडल्यावर युनिट्सनीच लांबच्या खेड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने विकत आणायला सुरुवात केली. रांगेने टँकर. पुढे कावेरीतून पाइपलाइनने पाणी आणण्याची मोठी योजना झाली, दिवसाला साडेअठरा कोटी लिटर क्षमतेची, ती २००५ च्या सुमारास सुरू झाली. कारखान्याला दुसरीकडून पाणी आणता आलं. ज्याची विहीर घराच्या मागे आहे त्याने ती उचलून दुसरीकडे कुठे न्यायची?

नोय्यलकाठचे शेतकरी कोर्टात गेले. त्यांच्या संघटनेच्या नावात "आयाकटदार" असा शब्द आहे, म्हणजे लाभक्षेत्रातले शेतकरी. लाभ काय झाला ते आपण पाहिलंच. नुकसानभरपाई ठरवणाऱ्या प्राधिकरणाने २००४ च्या अखेरीस ६८ गावांतल्या २८ हजारांवर शेतकऱ्यांना मिळून सुमारे २५ कोटी रुपये ठरवले. भागाकार करा. माणशी नऊ हजारांच्याही आत. एक बोअर मारायला पुरणार नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, झीरो लिक्विड डिस्चार्ज, आणि ते होईपर्यंत लिटरमागे सहा पैशांपासून दहा पैशांपर्यंत दंड. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शेतकऱ्यांच्या बाजूनेच कौल दिला. तरी पाणी बाहेर येतच राहिलं. शेवटी जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने सगळी डाइंग-ब्लीचिंग युनिट्स बंद करा, वीज तोडा असा आदेश दिला. मग मात्र हालचाल झाली. राज्य सरकारने दोनशे कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, आरओ आले, इव्हॅपोरेटर आले आणि केंद्रं एकेक करून पुन्हा सुरू झाली. आज तिथे नव्वद टक्क्यांच्या वर पाणी परत वापरलं जातं, मिठाचं द्रावणही पुन्हा बाथमध्ये जातं. ज्याला "शक्यच नाही" म्हणत होते ते वीज तोडल्यावर शक्य झालं, हे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने नीट वाचून ठेवावं.

याचा अर्थ सगळं छान झालं असंही नाही. इव्हॅपोरेटरला वाफ लागते, वाफेला जळण लागतं. शेवटी जो मिश्र क्षार उरतो तो कुणालाच नको असतो, त्याचे ढीग साठतात. बंदीच्या काळात बरंच काम बाहेरगावी गेलं, जिथे अजून कोर्टाची नजर पोहोचली नव्हती. आणि जुन्या विहिरी? भूजलाला स्विच नसतो. तीस वर्षं मुरलेलं मीठ आदेश निघाल्यावर वर येऊन निघून जात नाही.

हे किती चिवट असतं ते बघायचं असेल तर उदयपूरजवळच्या बिछडी गावाचं उदाहरण आहे. तिथे कापड रंगवत नव्हते, रंगाचा कच्चा माल बनवत होते: एच-अ‍ॅसिड. एका कारखान्याने अवघं ३७५ टन एच-अ‍ॅसिड बनवलं आणि त्यामागे आठ हजार घनमीटरहून जास्त सांडपाणी आणि सुमारे २४४० टन गाळ निघाला. एक किलो मालाला साडेसहा किलो गाळ! तो उघड्यावर टाकला. पाऊस आला, झिरपला, विहिरींचं पाणी काळपट लाल झालं. उत्पादन सुरू झालं १९८७-८८ च्या सुमारास, कारखाना बंद झाला १९८९ च्या सुरुवातीला. म्हणजे जेमतेम एक-दीड वर्ष. आपल्या नागपूरच्या नीरीने पाहणी केली, जमीन आणि भूजल दुरुस्त करायला सदतीस कोटींच्या वर खर्च येईल असा हिशेब त्यातून पुढे आला. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने "प्रदूषण करील तो भरील" हे तत्त्व लावलं. एन्व्हायर्न्मेंटलच्या पेपरला दोन मार्कांना येणारं ते तत्त्व या विहिरींतून आलेलं आहे बरं का. आणि पैसे? कारखानदार अर्जावर अर्ज करत राहिले, २०११ मध्ये कोर्टाने चक्रवाढ व्याजासकट भरा म्हणून पुन्हा सांगितलं. दीड वर्षाचं उत्पादन, बावीस वर्षांचा दावा. "पोल्यूटर पेज" पाठ करताना हा भाग कुणी सांगत नाही.

आपल्याकडे काय? इचलकरंजीचंच घ्या. १९०४ मध्ये जिथे पहिला यंत्रमाग आला ते गाव. पंचगंगा पायाशी आणि पिण्याच्या पाण्यासाठी आधी वारणेकडे, मग दूधगंगेकडे हात पसरायची वेळ. दोन्ही वेळा त्या काठच्या गावांनी कडाडून विरोध केला. "तुमची नदी तुम्ही नासवली, आता आमची मागता," हा त्यातला सूर. पंचगंगा काही एकट्या डाइंगने नासवलेली नाही. त्यात कोल्हापूरपासूनचं मैलापाणी आहे, साखर कारखाने आहेत, हे सांगितलं पाहिजे. पण मैला नदीत कुजतो, जंतू त्याचं काहीतरी करतात. मीठ खाणारा जंतू अजून जन्मलेला नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट, आणि इथे स्टाफने रागावू नये. रंगाचं पाणी शुद्ध करणे या विषयावर फायनल इयरला दरवर्षी प्रोजेक्ट होतात. डाळिंबाची साल, उसाची चिपाडं, कडुलिंबाचा पाला, भुईमुगाची टरफलं, फ्लाय अ‍ॅश. वाळवायचं, दळायचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिथिलिन ब्ल्यू घालून त्यात ढवळायचं, लँगम्युअरचा ग्राफ काढायचा. निकाल दरवर्षी नव्वद टक्क्यांच्या वर! एक्स्टर्नल खूश. पण मिथिलिन ब्ल्यू धन भाराचा, तो पाल्याला सहज चिकटतो. टी-शर्टचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋण भाराचा, आणि तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये नसतो, मिठाच्या आणि सोड्याच्या रश्श्यात असतो. आणि रंग शोषलेली ती साल पुढे कुठे टाकायची? रिपोर्टच्या "फ्यूचर स्कोप" मध्ये. मीठ तर कुणी मोजतच नाही, कारण स्पेक्ट्रोफोटोमीटरला मीठ दिसत नाही. तिरुपूरच्या जुन्या प्लँटमध्ये जी चूक कोट्यवधी खर्चून केली तीच आपण बीकरमध्ये करतोय. फरक इतकाच की आपल्याला तिचे मार्क मिळतात.

मार्कांचं सोडा, नोकरीचं काय? आपल्यातला कुणीतरी, केमिकल नाही तर सिव्हिल, नाही तर मेकॅनिकल, एखाद्या प्रोसेस हाऊसच्या ईटीपीवर नाइट शिफ्टला लागणार आहे. रजिस्टरवर सही त्याची असणार. सीनिअर्स सुट्टीत आले की सांगतात त्यावरून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, ब्लोअर रात्री बंद ठेवला तरी रजिस्टरमध्ये चालू असतो. पण विजेचं मीटर खोटं लिहीत नाही. ब्लोअरचे किलोवॅट गुणिले तास आणि मीटरचं रीडिंग जुळतं का हे कुणीही पाच मिनिटांत बघू शकतो. दुसरी, मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दिलेली असते, म्हणून बोअरचं चांगलं पाणी मिसळून आकडा खाली आणता येतो. मीठ तितकंच, फक्त जास्त पाण्यात. तिसरी, बायपासचा व्हॉल्व्ह ड्रॉइंगमध्ये नसतो. या गोष्टी परीक्षेला नाहीत. पण त्या व्हॉल्व्हपाशी रात्री दोन वाजता उभा राहणारा चोवीस वर्षांचा मुलगा आपलाच असेल, घरी कर्जाचा हप्ता असेल, आणि मॅनेजर "अरे, सगळेच करतात" म्हणेल. तेव्हा त्याने काय करावं हे इथे मेसमध्ये बसून सांगणं सोपं आहे, म्हणून मी सांगत नाही. पण त्या व्हॉल्व्हचं पाणी कुणाच्या हंड्यात जातं हे त्याला माहीत नव्हतं, असं तरी व्हायला नको.

"पोटापाण्याचं काय? कारखाने बंद पाडायचे का?" हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. २०११ मध्ये युनिट्स बंद पडली तेव्हा कामगारांचे हाल झाले. पण पोटापाण्यातलं पाणी कुठून येतं? डाइंगचा कामगार साहेबाच्या कॉलनीत राहत नाही, नाल्याच्या कडेला राहतो, त्याच हापशाचं पाणी पितो. आणि खर्चाचं म्हणाल तर हिशेब करून बघा. एक किलो होजियरी ब्लीचिंगपासून शेवटच्या धुण्यापर्यंत न्यायला शंभर लिटर पाणी धरा. टी-शर्टला वीस लिटर. कोर्टाचा दहा पैशांचा दर लावला तर दोन रुपये. मीठ खरोखर बाजूला काढायचा खर्च याहून जास्त येतो, म्हणून तिप्पट धरा, सहा रुपये. सहा रुपयांत कँटीनला अर्धा वडापावसुद्धा येत नाही. दीडशे-दोनशेच्या टी-शर्टवर सहा रुपये वाढले तर आपण रडणार नाही. पण युनिटवाल्याला ते सहा रुपये आपण देत नाही, कारण पुढच्या गल्लीतला न शुद्ध करणारा माणूस तेवढ्याने स्वस्त पडतो, आणि आपण तीन कोटेशन्समधलं सगळ्यात कमी निवडतो. म्हणून हे एकेका भल्या कारखानदारावर सोडून चालणार नाही. नियम सगळ्यांना एकदम लागला तरच निभतं. तिरुपूरला तो लागला तेव्हाच निभलं.

तोपर्यंत आपल्याला करण्यासारखं काय? एनएसएसचा कॅम्प दरवर्षी जातो. गाव झाडतो, भिंतीवर घोषवाक्यं रंगवतो, पथनाट्य करतो, सात दिवसांनी परत. माझं म्हणणं, त्यातले दोन दिवस विहिरींना द्यावेत. फर्स्ट इयरला आपण ईडीटीएने हार्डनेस आणि सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड काढायला शिकतोच. नमुना असतो मॅडमनी बाटलीत बनवून ठेवलेला, उत्तर सगळ्यांना आधीच माहीत. त्याऐवजी खऱ्या विहिरीचं पाणी आणा! टीडीएसचं पेन चार-पाचशे रुपयांना मिळतं. ते फक्त विद्युतवाहकता मोजतं, रंग, अमाइन, क्रोमियम, जंतू यातलं काही त्याला कळत नाही, तेव्हा पेनवर कमी आकडा आला म्हणून पाणी चांगलं असं गावात सांगू नये. पण जास्त आला तर काहीतरी आहे एवढं नक्की. जवळच्या नाल्याच्या कडेने दहा विहिरी घ्यायच्या, पाच नाल्याजवळच्या, पाच लांबच्या. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर. तारीख, पाण्याची खोली, वाहकता, हार्डनेस, क्लोराइड. पुढच्या बॅचने त्याच विहिरी, त्याच वहीत.

या आकड्यांवर कोर्टात केस उभी राहत नाही, हे आधीच सांगतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना कुणी, कसा घ्यायचा, दोन भाग करून सील कसं करायचं हे ठरवून दिलेलं आहे, आणि तसं न केलेला नमुना पुरावा म्हणून चालत नाही. पण बोर्डाने नमुना कुठून घ्यावा, कोणत्या विहिरीचा, कोणत्या महिन्यात, हे सांगायला वही पुरते. शिवाय ग्रामसभेत "पाणी बिघडलंय" असं म्हणणं आणि "चार वर्षांत क्लोराइड दुप्पट झालं" म्हणणं यात फरक आहे. दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

काही जण म्हणतील की आकडे वाईट निघाले तर कॉलेजला त्रास होईल, कॅम्पस इंटरव्ह्यूला येणाऱ्या कंपन्या नाराज होतील. होतील कदाचित. ही चर्चा प्रिन्सिपल सरांसमोर आधीच झालेली बरी, वही भरल्यानंतर नको. वही कुणाकडे राहणार, गावाला प्रत द्यायची की नाही, हे पहिल्या पानावर लिहूनच सुरुवात करावी. माझ्या मते प्रत द्यायचीच. पाणी त्यांचं आहे. पहिलं वाचन येत्या मेमध्ये होऊ शकतं, ओरल्स संपल्यावर. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, त्याचं इंडेंट मात्र आत्ताच द्यावं लागेल.